मागच्या हौदातला फुग्या

लातूर

बेडकाचा फोटो उभ्यानं काढता येत नाही. उभं राहून काढला तर तो शेणाच्या गोळ्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्याला डोळा लावायचा तर आपण पालथं पडायचं, हनुवटी चिखलात टेकवायची, कॅमेरा पाण्यापासून चार बोटांवर धरायचा आणि श्वास रोखायचा. पंचावन्नाव्या वर्षी, गुडघेदुखीसकट, हे सगळं मी करते. सासूबाई कपाळाला विभूती लावता लावता शेजारणीला सांगतात, "बाकीच्या बायका या वयात काशीला जातात, आमची डबक्याला जाते." सांगतात त्या खोटं नाही.

मी जीवशास्त्र शिकवते. आता एका क्लासमध्ये, त्याआधी बरीच वर्षं कॉलेजात. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला बेडूक कापावा लागे. मेणाच्या ट्रेमध्ये उताणा टाकायचा, चारी पायांना टाचण्या, मग कात्री. पोट उघडल्यावरही त्याचं काळीज धडधडत असायचं आणि मी पोरींना मोठ्यानं सांगायची, बघा, नीट बघा, तोंड काय फिरवता. किती कापले याची मोजदाद नाही. आता ते सगळं बंद झालंय. आताची पोरं बेडकाचं हृदय पडद्यावर फिरवून फिरवून पाहतात, गुण चांगले घेतात, आणि जिवंत बेडूक बाथरूममध्ये निघाला की किंचाळतात.

हे बेडूक आणून द्यायचे गंगाधरमामा. कॉलेजात लॅब अटेंडंट होते. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ओलं पोतं खांद्यावर टाकून यायचे, पोतं आतून हलत असायचं. ते कोपऱ्यात ठेवलं की मामा व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे, पूर्ण प्रॅक्टिकल होईपर्यंत. एकदाही त्यांनी कापताना पाहिलं नाही. निवृत्त होऊन ते बिलोलीकडच्या आपल्या गावी गेले. परवा पोळा झाल्यावर त्यांचा फोन आला. चार दिवस लई पाऊस लागला होता आणि त्यांच्या गावच्या बारवेत फुग्या बोलायला लागला होता.

फुग्या हे मामांनी ठेवलेलं नाव. वर्षभर जमिनीत गाडून घेऊन बसणारा बेडूक. जोराचा पाऊस झाला की दोन-चार संध्याकाळी वर येतो, पाण्यावर तरंगत अंग फुगवून बोलतो आणि पुन्हा जमिनीत जातो. माझ्याकडं त्याचा एकही फोटो नव्हता. मामा फोनवर म्हणाले, वर्गात एक तरी जित्ता लावा मॅडम, आपण दोघांनी लई पाप केलंय. मी त्याच दिवशी बॅग भरली.

अर्धापूर

जाता जाता वाकडी वाट करून एक दिवस अर्धापूरला थांबले. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांची केळीची बाग आहे, आणि केळीच्या पोंग्यात, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानात, झाडबेडूक दिवसभर झोपतात, असं तिनं सांगितलं होतं.

केळीच्या बागेत तुम्ही कधी भर दुपारी एकटे गेला नसाल तर सांगते. आत सगळा उजेड हिरवा असतो. वारा वर पानांत असतो, खाली नसतो. चार ओळी आत गेलं की कुठून आलो ते कळत नाही, कारण चारी बाजू सारख्याच. आमच्या लातूरकडं सोयाबीन नि तूर. त्यात माणूस हरवायची सोय नाही, डोकं वर राहतं. इथं मी पोंग्यात वाकून पाहिलं आणि आतून दोन डोळे माझ्याकडं पाहत होते. पुढच्या पोंग्यात दोन. त्याच्या पुढच्यात दोन. कुणी हलत नव्हतं. मी दह्याचा पांढरा डबा कापून फ्लॅशवर बसवलाय, उजेड मऊ पडावा म्हणून. तो हळूच पुढं सरकवत मी एकेकाचे फोटो घेत राहिले.

तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "मॅडम."

अगदी मागून. मी सवयीनं "ओ, आले" म्हणाले आणि आवाजाच्या दिशेनं निघाले. तिकडं कुणी नव्हतं. बांध सापडायला मला चांगला अर्धा तास लागला. बाहेर मुलीचे वडील बाजेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी हाक मारली नव्हती, आत दुसरं कुणी नव्हतं. उन्हामुळं होतं असं, म्हणाले. मग जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, येसराची झणझणीत आमटी, वर पिकलेली केळी, ती पण अर्ध्या फणीच्या खाली वाढायची नाहीत असा तिथं नियम दिसला. माझ्या कुडत्यावर केळीचा चीक पडून काळे डाग झाले होते. ते अजून गेले नाहीत.

मामांचं गाव

बिलोलीच्या स्टँडवर मामा मोपेड घेऊन उभे होते. अडुसष्ट वर्षांचा वाळका माणूस, डोक्याला उपरणं, खिशात अजून कॉलेजातल्यासारखं पेन. माझी ट्रायपॉडची पिशवी पाहून म्हणाले, बंदूक आणलात का काय.

मामींनी दारातच "जयभीम, या" म्हणून पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांचं माहेर तेलंगणातलं, त्या बेडकाला कप्पा म्हणतात. माझी उदगीरची आजी कानडीत कप्पे म्हणायची, ते ऐकून त्यांना लई आनंद झाला. अंबाडीची भाजी, भाकरी, तव्यावरचा ठेचा समोर आला आणि जेवता जेवता मी गंमत म्हणून केळीच्या बागेतली हाक सांगितली.

मामींचा हात परातीतच थांबला. "आन् तुम्ही ओ दिलीत?"

दिली म्हणाले. त्या मामांकडं बघायला लागल्या. मग मला समजावून सांगितलं, अगदी लहान पोरीला सांगावं तसं. एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असलं तर दुसऱ्यांदा बोलवतं, तिसऱ्यांदा बोलवतं. ते जे असतं, त्याला एकच हाक मारता येते. दिवेलागणीनंतर तर तिसऱ्या हाकेशिवाय ह्या गावात कुणी तोंड उघडत नाही. आणि तुम्ही तर बारवेकडं चाललात.

मी मामांना विचारलं, तुम्ही विज्ञानाच्या खोलीत जन्म काढला, तुमचा विश्वास आहे का यावर? मामा भाकरी मोडत म्हणाले, "विश्वास न्हाई. पण ओ बी देत न्हाई."

आम्ही तिघंही हसलो. लातुरात असं काही कुणी बोललं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

दुपारी मामांनी मला फुग्याचा आवाज काढून दाखवला. पोतं भरायची त्यांची रीत हीच होती. बेडकाच्या आवाजात बोलायचं, उत्तर आलं की जाऊन धरायचं. ओठ मिटलेले, गाल आत, आणि गळा मात्र वर-खाली. मडक्याच्या तोंडाशी कुणी हुंकार भरावा तसा आवाज आला, "हुंऽक". माझ्याच्यानं जमेना, मला धाप लागली. मामा म्हणाले, तुम्ही छातीतून काढून राहिल्या. ह्याला वारा लागत न्हाई, नुसता गळा लागतो.

बारव

बारव गावापासून अर्ध्या कोसावर, पडीक रानात. चौकोनी, काळ्या दगडाची, एका बाजूनं पायऱ्या. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना कोनाडे आहेत, त्यातल्या मूर्ती कधीच गेल्या, तेलाचे काळे डाग तेवढे राहिले. पावसानं पाणी सातव्या पायरीपर्यंत चढलं होतं. मागच्या बाजूला पुरुषभर खोल एक जुना दगडी हौद आहे, त्यावर घाणेरी इतकी माजलीय की तो दिसत नाही. मामांनी मला दुरूनच दाखवला होता आणि तिकडं जाऊ नका म्हणाले होते. जवळची वस्ती म्हणजे माणिकराव नावाच्या शेतकऱ्याचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, दोन शेतं पलीकडं.

पहिल्या संध्याकाळी काहीच हाती लागलं नाही. बेडूक बोलत होते, पण आम्ही पहिली पायरी उतरलो की सगळी बारव गप्प. पंचवीस-तीस बेडूक एका क्षणात गप्प होतात तेव्हा कानाला कसंतरीच होतं. आपल्याला कुणीतरी ओळखलंय असं वाटतं. मामा तर तसं बोललेच, ह्यांच्या खानदानाला माझा आवाज ठाव हाय.

दुसऱ्या दिवशी आम्ही युक्ती केली. मी उजेड असतानाच पायऱ्यांवर जाऊन पालथं पडायचं आणि हलायचं नाही. मामांनी बारवेच्या मागं, नजरेआड, जाऊन फुग्याचा आवाज काढायचा. पाण्यातला नर त्याला उत्तर द्यायला फुगणार, आणि मी समोरच.

झालं तसंच. तासभर मी सातव्या पायरीवर दगडासारखी पडून होते. कोपरं गारठली, कानाशी डास, पोटाखाली काहीतरी सरपटून गेलं ते काय होतं मला अजून माहीत नाही. मग मागून मामांचं "हुंऽक" आलं. दोनदा. आणि माझ्या तोंडापुढं वीतभर अंतरावर तो पाण्यावर आला. राखाडी, गोल, मुठीएवढा. त्याचा गळा फुगत गेला, फुगत गेला, पारदर्शक झाला, त्यातल्या लाल रेघा मला मोजता आल्या असत्या. एवढ्या वर्षांत मी बेडकाच्या आत इतकं पाहिलंय, पण हे पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आता सगळी बारवच बोलायला लागली. दगडांतून आवाज घुमत होता. मी फोटो काढत होते. आणि तेवढ्यात मागून हाक आली.

"मॅडम."

एकदाच. मोठी नाही, घाबरलेलीही नाही. सपाट. माझा फुग्या दचकला आणि त्याचं पोट बसलं. मी मनात चरफडले. मामांना कळत नाही का, आत्ता? मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. आली नाही. फुग्या पुन्हा फुगायला लागला आणि मी डोळा कॅमेऱ्याला लावला.

मी भुताला घाबरून गप्प राहिले नाही. मामा मागं आहेत हे मला माहीत होतं, आवाज त्यांचा आहे हेही माहीत होतं. पण मामींचा नियम त्या क्षणी मला फार सोयीचा वाटला. काम असलं तर बोलावतील अजून दोनदा, असं मी स्वतःला सांगितलं. मला बेडूक सोडवत नव्हता, एवढंच.

कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोची वेळ पडते. पोट बसलेल्या फुग्याचा फोटो सहा अठ्ठेचाळीसचा आहे.

अंधार पडला. बेडूक एकेक करून पाण्याच्या मध्याकडं सरकले, माझ्या टप्प्याबाहेर गेले. मी उठून बसले, मान मोडली, बॅटरी शोधली. मामा आले नाहीत. इतक्यात मागच्या बाजूनं, जमिनीतून आल्यासारखा, एक फुग्या बोलला. बाकीच्यांपेक्षा खोल आवाज, संथ. एक हुंकार, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. इतका मोठा नर मी ऐकला नव्हता. अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी हातही कॅमेऱ्याकडं गेला. हे दोन्ही एकदम होतं, ज्यांना असलं वेड आहे त्यांना ठाऊक असेल.

मी बारवेला वळसा घातला. आवाज घाणेरीच्या जाळीखालून येत होता. मामांनी बजावलेलं आठवलं, म्हणून हौदाच्या काठाआधीच पालथी पडले आणि कोपरांवर रांगत पुढं गेले. मी पुढं सरकले तरी हा गप्प झाला नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती. बेडूक गप्प होतो. हा बोलतच राहिला.

जाळीत एक भगदाड होतं. ओली ताजी मोडलेली फांदी. मी त्यातून कॅमेरा खाली धरला, बॅटरी दातांत. काचेत काहीतरी ओलं चमकलं. ओली कातडी. ती फुगली आणि बसली, फुगली आणि बसली. मी फोकस फिरवत नेला. कातडी स्पष्ट झाली आणि तिच्यावर बारीक पांढरे खुंट दिसले.

बेडकाला केस नसतात.

माझं बोट दाबलं गेलं. फ्लॅशच्या उजेडात मामा दिसले. हौदाच्या भिंतीला टेकून वाकडे पडलेले, कमरेपर्यंत पाण्यात, ओठ मिटलेले, डोळे उघडे. माझ्याकडं पाहत त्यांनी गळ्यातून पुन्हा तोच आवाज काढला, "हुंऽक". मला ओळखल्यावरही ते काही बोलले नाहीत, तोच आवाज काढत राहिले. आपल्या ओळखीचा माणूस त्या डोळ्यांनी आपल्याकडं बघतोय आणि तोंडातून बेडूक बोलतोय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला मी सांगून काय कळणार.

मग मी भानावर आले. मी काठावर उभी राहून आखाड्याच्या दिशेनं ओरडले, "माणिकराव!"

आखाड्यावर दिवा होता. बाई-माणसांच्या सावल्या हलत होत्या, त्या माझ्या हाकेनं थांबल्या. मला दिसलं, थांबल्या. आणि कुणी ओ दिली नाही. मी पुन्हा ओरडले. तरीही नाही. खाली मामांचा आवाज क्षीण होत चालला होता. तिसऱ्यांदा ओरडताना माझा घसाच फाटला.

"ओ," माणिकराव म्हणाले, आणि पळत निघाले.

त्यांनी दोर आणला, बाज आणली, दोन गडी आणले. मामांना बाजेवर बांधून वर काढलं. गावातली पिकअप आली. माणिकराव मागच्या फळीवर माझ्याशेजारी बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, मघाशी दिवे लावताना एक हाक आम्हीबी ऐकली होती. बायकोला म्हणलं, तिकडं तोंड करू नको. त्या माणसाचं त्यात काही चुकलं होतं असं मला म्हणता येईना. हाक त्याच्या नावाची नव्हती.

मामांच्या फोटोची वेळ सात एकोणतीस. सहा अठ्ठेचाळीसपासून एक्केचाळीस मिनिटं.

नांदेड

खुबा मोडला होता, तीन बरगड्या मोडल्या होत्या, एक फुप्फुसात घुसली होती. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर त्यांना एक हाक मारता आली हेच नवल, दुसरी शक्यच नव्हती. अजून तासभर पाण्यात राहिले असते तर हातचे गेले असते.

मी लातूरला गेले नाही, लॉजवर राहिले. सकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावर सुशीला खायचे, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, आणि दवाखान्यात जाऊन बसायचे. सुशीला आमच्याकडंही होते, पण इथं वर शेव जरा सढळ टाकतात. खाताना चव लागत नव्हती.

त्या एका हाकेचं मामींना माणिकरावांकडून कळलं होतं. मला बघितलं की त्या माझे हात धरायच्या. सगळ्या भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या, ह्या मॅडमनी एका हाकेला ओ दिली न्हाई म्हणून बरं, दिली असती तर हौदानं ह्यांनाबी ओढलं असतं, मग वर काढायला कोण होतं? बाया माना हलवायच्या. माझ्याकडं आदरानं बघायच्या. मी भिंतीकडं बघायची.

चौथ्या दिवशी मामांची नळी काढली. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती फोटोची. मी कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. फुगलेला गळा, त्यातल्या लाल रेघा. मामा किती तरी वेळ बघत राहिले, बोटानं पडद्यावरून त्याला कुरवाळलं. म्हणाले, आता खरं जित्तं दिसलं. मग माझा हात हलायच्या आत त्यांनीच पुढचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबत गेले, आणि शेवटच्या फोटोवर थांबले. ओली कातडी, पांढरे खुंट. त्यांनी आपल्या गळ्याला हात लावून पाहिला आणि कॅमेरा माझ्याकडं परत दिला.

"ह्यो वर्गात नका लावू," म्हणाले.

मामी चहा आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. मला बोलायचं होतं. चार दिवस मी वाक्य जुळवत होते, मामा, हाक मी ऐकली होती, मला माहीत होतं ती तुमची आहे. पण ते माझ्याआधी बोलले. तुटक, दम घेत घेत. त्यात राग नव्हता. उलट जुन्या पोतं भरायच्या दिवसांतली आपली एखादी युक्ती सांगावी तसं ते सांगत होते.

"एकदा बोलावलं, तुम्ही आल्या न्हाईत. दुसऱ्यांदा बोलवायला वारा नव्हता. मग इचार केला, मॅडम माझ्यासाठी न्हाई येणार. फुग्यासाठी येताल."

नाही हो मामा, तसं नाही, असं मला म्हणायचं होतं.

मामी चहा घेऊन आल्या. आधी मला दिला.